नल मूल्य व समता-तुलना

नल मूल्य व समता-तुलना : संगणकाच्या आज्ञावलीत किंवा नोंदसंग्रहात एखाद्या जागी मूल्य उपलब्ध नाही, हे दर्शविणारी खूण म्हणजे नल मूल्य आणि दोन मूल्ये समान आहेत की नाहीत हे ठरविणारी क्रिया म्हणजे समता-तुलना होय. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही मोजून मिळालेली संख्या असते. शासकीय अहवालांतील ‘निरंक’ हा शब्दही नलचा पर्याय ठरत नाही. ‘निरंक’ म्हणजे पाहणी झाली व काही आढळले नाही. नल म्हणजे पाहणीचा निष्कर्षच हाती नाही.

हा भेद पर्जन्याच्या नोंदीवरून स्पष्ट होतो. वर्धा जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी व कारंजा असे आठ तालुके आहेत. समजा, एके दिवशी सात तालुक्यांत प्रत्येकी ४० मिमी. पाऊस नोंदला गेला व आठव्याची नोंद आलीच नाही. रिकामी जागा नल मानल्यास सरासरी सात नोंदींची, म्हणजे ४० मिमी. येते, तेथे शून्य भरल्यास ती ३५ मिमी. होते व न मोजलेला पाऊस न पडलेला ठरतो.

इतिहास : ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल निर्देशाची योजना केली. तिच्यामुळे पुढे उद्‌भवलेल्या असंख्य दोषांचा विचार करून २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. नोंदसंग्रहांचे संबंधाधिष्ठित प्रतिमान १९७० मध्ये मांडणारे एडगर कॉड यांनी १९७९ मध्ये त्यात नल मूल्यांचा व त्रिमूल्यी तर्काचा विस्तार केला.

त्रिमूल्यी तर्क : एसक्यूएल या पृच्छाभाषेत नलशी केलेल्या सामान्य तुलनेचे उत्तर ‘सत्य’ किंवा ‘असत्य’ नसून ‘अज्ञात’ असते. नलची नलशी तुलना केली तरी उत्तर तेच येते; कारण दोन अज्ञात गोष्टी समान आहेत असे म्हणण्यास आधार नसतो. अज्ञाताचा नकारही अज्ञातच राहतो. पृच्छेची अट मात्र ‘सत्य’ ठरलेल्या ओळीच निवडते. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी. वा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानली जाते. एखाद्या मंडळाचे पर्जन्यमापक बंद असून नोंद नल असेल, तर ‘६५ किंवा अधिक’ या यादीत ते मंडळ येत नाही आणि ‘६५ हून कमी’ या यादीतही येत नाही. दोन्ही याद्या पूर्ण भासतात. शेतकरी मात्र दोहोंबाहेर राहतो. म्हणून अशा नोंदी ‘नल आहे’ या स्वतंत्र अटीने शोधाव्या लागतात. गट पाडताना हीच भाषा सर्व नल मूल्ये एका गटात घालते, ही तिच्यातील लक्षणीय विसंगती होय.

इतर भाषांतील वर्तन : सी व जावा या भाषांत नल म्हणजे कोणत्याही वस्तूकडे निर्देश न करणारा निर्देश, तेथे नल नलशी समान ठरतो. जावामध्ये समता-चिन्ह दोन निर्देश एकाच वस्तूचे आहेत काय, हे पाहते. आशयाच्या तुलनेसाठी वेगळी पद्धत वापरावी लागते व ती नल निर्देशावर चालविल्यास आज्ञावलीत अपवाद उद्‌भवतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’ व ‘अनिश्चित’ ही मूल्ये दुहेरी समता-चिन्हाने समान, तर तिहेरी चिन्हाने भिन्न ठरतात. पूर्णांकेतर संख्यांच्या आयट्रिपलई ७५४ या १९८५ च्या मानकातील ‘संख्या नव्हे’ हे मूल्य स्वतःशीही समान नसते.

उपाय : आवश्यक रकान्यांत नलला मज्जाव करणे, मूल्य नसण्याची शक्यता चलाच्या प्रकारातच नमूद करणे व नलची तपासणी तुलनेपूर्वी करणे, हे प्रचलित उपाय आहेत. मूल्य असून ते ठाऊक नसणे आणि मूल्य लागूच नसणे यांसाठी दोन वेगळ्या खुणा असाव्यात, असे कॉड यांनी सुचविले होते. एसक्यूएलमध्ये मात्र खूण एकच आहे. त्यामुळे नोंद का नाही, याचे कारण स्वतंत्र रकान्यात लिहून ठेवणे इष्ट ठरते.