डिस्क जोडली आणि संगणक अडला

घरोघरच्या संगणकांत जागेची जी टंचाई उत्पन्न झाली आहे तिचे कारण आपणच आहोत. मुलांच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती, लग्नकार्यातील हजारो छायाचित्रे, स्कॅन करून ठेवलेले सातबाराचे उतारे आणि खरेदीखते यांपैकी काहीही पुसून टाकण्याचे धैर्य ज्याला होत नाही, त्याला केव्हा ना केव्हा आणखी एक हार्ड डिस्क विकत घ्यावीच लागते. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढावे, दोन वायरी खोचाव्या, चार स्क्रू आवळावे, एवढेच ते काम. परंतु त्यानंतर बटण दाबताच, कालपर्यंत बिनतक्रार चालणारे यंत्र जेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एक कोरडी ओळ उमटवून स्तब्ध होते, किंवा तेवढेही सौजन्य दाखवीत नाही, तेव्हा मालकाच्या मनात पहिला संशय येतो तो नवी डिस्क खराब निघाल्याचा, आणि दुकानातल्या मुलाच्या तोंडून पहिला उपाय निघतो तो ‘फॉरमॅट मारून देतो’ हा. माझ्या मते यातले निदान बहुधा चुकीचे असते आणि उपाय तर बहुतेक वेळा अनाठायीच. विंडोज जिच्यात नांदते ती जुनी डिस्क शाबूत असते. खुंटलेली असते ती तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट, आणि ती कोठे खुंटली याची साक्ष यंत्राच्या वागणुकीतच मिळते.

कचेरी उघडल्यावर हेडक्लार्कने आधी दिवे लागतात की नाही ते पाहावे, मग हजेरीपत्रक घ्यावे, आणि शेवटी ज्याच्याकडे दिवसाचा अखत्यार त्याच्या हाती किल्ल्या सोपवाव्या, असा जो शिरस्ता असतो तोच संगणकाचाही आहे. एसएमपीएस या विद्युत्‌पेटीतून सर्व भागांना वीज मिळाली, की मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम वस्तीला असलेला कार्यक्रम, ज्याला पूर्वी बायोस म्हणत आणि ज्याच्या हल्लीच्या वारसाला यूईएफआय म्हणतात, तो स्मृती, कीबोर्ड आणि डिस्का यांची मोजदाद करतो, व त्यानंतर डिस्कांपैकी एकीवरील आरंभीच्या आज्ञावलीकडे ताबा देऊन स्वतः बाजूला होतो. पंखाच फिरत नसेल तर खोट विजेच्या टप्प्यात. कंपनीचे बोधचिन्ह उमटून तेथेच खिळले असेल तर मोजदादीत. आणि बोधचिन्ह जाऊन ‘बूट डिव्हाइस’ सापडत नसल्याची तक्रार आली तर ताबा देण्यात. तपासाला आरंभ करताना मात्र यंत्र बंद करून प्लग भिंतीतून काढावा, नव्या डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवाव्या आणि यंत्र पूर्वीसारखे सुरू होते की नाही एवढेच पाहावे. ते सुरू झाले, तर जुन्या डिस्कविषयीची अर्धी काळजी मिटली; नव्या डिस्का एकाहून अधिक असतील तर पुढे त्या एकामागून एक, एका वेळी एकच, अशा जोडीत गेल्यास दोष आपण होऊन उघडा पडतो. ते तरीही सुरू झाले नाही, तर हात फिरवताना रॅमची पट्टी हलली किंवा जुन्या डिस्कची वायर सैल झाली असण्याचा संभव सर्वांत मोठा. अरुंद कॅबिनेटमध्ये कोपर घालून काम करणाऱ्यांच्या हातून हे नेहमी घडते.

विजेचा मामला थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. साडेतीन इंची हार्ड डिस्क एकदा फिरू लागली की पाच ते आठ वॅटांवर गुजराण करते. पण स्तब्ध चकत्यांना मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांचा वेग देताना ती काही क्षण १२ व्होल्टच्या वाहिनीतून दोन अँपिअरच्या आसपास, म्हणजे वीस-पंचवीस वॅट, ओढून घेते. चार डिस्का एकाच क्षणी जाग्या झाल्या तर ही मागणी शंभर वॅटांच्या घरात जाते, आणि कॅबिनेटबरोबर स्वस्तात मिळालेला, लेबलावर मोठा आकडा मिरवणारा एसएमपीएस अशा वेळी मान टाकतो. पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो, किंवा यंत्र पुनःपुन्हा सुरू होऊन बंद पडते. मोठ्या सर्व्हरांमध्ये डिस्का एकदम न फिरवता क्रमाक्रमाने फिरवण्याची तजवीज असते ती याचसाठी. पंखा असा दचकून थांबण्याचे दुसरे कारण याहून गंभीर आहे. हल्लीच्या पुष्कळ एसएमपीएसांच्या वायरी सोडवता-जोडता येतात, आणि डिस्केकडील टोक सर्वत्र सारखे असले तरी पेटीकडील टोकाची अंतर्गत मांडणी प्रत्येक उत्पादकाची निराळी असते. त्यामुळे जुन्या पेटीची उरलेली वायर नव्या पेटीत चपखल बसते आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट डिस्केत जातात. नशीब चांगले असेल तर पेटी शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करते. नसेल तर डिस्केचे सर्किट जळते. म्हणून ज्या खोक्यातून पेटी आली त्याच खोक्यातली वायर वापरावी, हा नियम मी अपवादाला वाव न ठेवता सांगतो.

काही वेळा यंत्र सुरळीत चालते, पण नवी डिस्क मात्र फिरतच नाही, कानाला लावली तरी तिच्यात हालचाल नाही. साटा डिस्केच्या वीजजोडणीत १५ पट्ट्या असतात. पैकी तिसरीवर पूर्वी ३.३ व्होल्ट देण्याचा प्रघात होता, आणि पुढे याच पट्टीला डिस्क दुरून बंद करण्याचा हुकूम पोहोचवण्याचे काम नेमून दिले गेले. जुनी पेटी भाबडेपणाने तेथे वीज पुरवते आणि डिस्क तो हुकूम समजून निपचित राहते. जाणकार मंडळी त्या एका पट्टीवर उष्णतारोधक कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा चिकटवून हा प्रश्न सोडवतात.

मोजदादीत अडणे पूर्वी फार होते. एकाच रुंद पट्टीवर दोन डिस्का जोडण्याच्या काळात एक ‘मास्टर’ आणि दुसरी ‘स्लेव्ह’ असे जंपर लावावे लागत, आणि दोघीही मास्टर राहिल्या तर दोघींपैकी एकही धड दिसत नसे. गेल्या शतकाच्या अखेरीस तर काही बायोस ३३.८ गीगाबाइटहून मोठी डिस्क नुसती पाहताच गोठून जात. त्यावर उपाय म्हणून उत्पादकांनी डिस्केवर एक जंपर ठेवला होता, जो लावला की ती आपला आकार मुद्दाम कमी सांगे. साटाच्या वायरींनी ही कटकट संपवली. आज उरले आहे ते एवढेच, की अनेक मदरबोर्डांवर एम-डॉट-टूची खाच भरली असता साटाचे एखाद-दुसरे सॉकेट निकामी होते, आणि ते कोणते हे केवळ मॅन्युअलमध्येच लिहिलेले असते.

सर्वाधिक घोटाळे होतात ते ताबा देण्याच्या टप्प्यावर. आयबीएमने १९८३ साली दहा मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह एक्सटी संगणक बाजारात आणला तेव्हाची पद्धत अशी होती, की बायोसने डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचावा, त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही ठरावीक खूण आढळली तर पुढे काय आहे याची चौकशी न करता त्याच्या हवाली व्हावे. आता नवी म्हणून जोडलेली डिस्क वास्तविक कोणाच्या तरी जुन्या संगणकातली असेल, तर तिच्यावर ती खूण आणि अर्धवट उरलेले विंडोजही असते. यादीत तिचा क्रमांक वर गेला की ताबा तिच्याकडे जातो आणि सगळे तेथेच थांबते. डिस्कांची संख्या बदलली की आपली यादी स्वतःच नव्याने मांडणारे बायोस काही दुर्मीळ नाहीत. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून सेटिंगांत शिरावे, बूटचा क्रम पाहावा आणि मूळ डिस्कला, नव्या यंत्रात ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नोंदीला, पहिले स्थान द्यावे. निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच निकालात निघतील असा माझा अंदाज आहे. याच सेटिंगांत साटाची पद्धत ‘एएचसीआय’ की ‘रेड’ हेही नमूद असते. काहीजण घाबरून मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी काढून सर्व सेटिंगे मूळपदावर आणतात, त्यात ही पद्धतही बदलते, आणि विंडोज निळा पडदा दाखवून आपलीच डिस्क सापडत नसल्याचे कळवते.

माझ्या परिचयाच्या एका छायाचित्रकाराची हकीकत याहून बोधक आहे. त्यांचे विंडोज वेगवान एसएसडीवर होते आणि सोबत पाचशे गीगाबाइटची जुनी डिस्क होती. दोन नव्या मोठ्या डिस्कांसाठी जागा हवी म्हणून त्यांनी जुनीतले सारे फोटो उतरवून घेऊन तिला बाहेर काढले, आणि संगणक ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ म्हणून हटून बसला. दोष नव्या डिस्कांवर आला, एक दुकानात परतही गेली. खरा प्रकार असा, की एसएसडीवर विंडोज चढवले त्या दिवशी जुनी डिस्क जोडलेलीच होती, आणि इन्स्टॉल करणाऱ्या कार्यक्रमाने तिच्यावरचा शे-दीडशे मेगाबाइटांचा ईएफआय विभाग आयताच उपलब्ध पाहून बूटच्या फायली तेथेच ठेवून दिल्या होत्या. विंडोज एकीकडे, त्याचे दार दुसरीकडे. जुनी डिस्क पुन्हा जोडताच यंत्र सुरू झाले. मग एसएसडीवर तसाच लहान विभाग काढून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने फायली तिकडे हलवल्या आणि जुनीला रजा मिळाली. विंडोज चढवताना बाकीच्या डिस्का सोडवून ठेवण्याची सवय असती तर एवढा खटाटोप पडला नसता.

लिनक्स वापरणाऱ्यांची अडचण निराळी. तेथे डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे सापडण्याच्या क्रमाने मिळतात, आणि नवी डिस्क आधी सापडली तर कालची एसडीए आज एसडीबी होते. एफएसटॅब या फायलीत जर ही नावे लिहिली असतील तर यंत्र ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाऊन बसते. नावाऐवजी प्रत्येक विभागाचा कायमचा यूयूआयडी लिहावा, आणि नुसत्या साठवणीच्या डिस्कांपुढे ‘नोफेल’ हा शब्द घालावा, म्हणजे एखादी गैरहजर राहिली तरी बाकीचे काम तहकूब होत नाही.

संगणक सुरू झाल्यावर नवीकोरी डिस्क ‘धिस पीसी’त दिसत नाही म्हणून पुन्हा गोंधळू नये; डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला आधी आरंभित करावे लागते. तेथे एमबीआर की जीपीटी असा प्रश्न येतो. एमबीआरच्या नोंदवहीत खंडांचा क्रमांक ३२ बिटांत मावावा लागत असल्याने २.२ टेराबाइटपलीकडची जागा तिला मोजताच येत नाही. तेव्हा मोठ्या डिस्कला जीपीटीच द्यावी. परंतु जोडलेली डिस्क कोरी नसून लिनक्सच्या किंवा मॅकच्या यंत्रातून आली असेल, तर विंडोज तिची लिपी वाचू न शकल्यामुळे ती वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी का, असे अत्यंत नम्रपणे विचारते. आतला मजकूर हवा असेल तर तेथे ‘कॅन्सल’ दाबावे आणि डिस्क लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालू केलेल्या संगणकात उघडून पाहावी.