वर्गमूळ गेले कुठे?

दोनचे वर्गमूळ छापणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिनक्सवर लिहा आणि ‘जीसीसी’ या कंपायलरच्या हवाली करा. निमूट चालतो. आता दोनऐवजी वापरणाऱ्यालाच आकडा विचारा आणि त्याचे वर्गमूळ काढा. ओळी जवळपास त्याच, वर ‘मॅथ.एच’ हे हेडरही जोडलेले; तरी अनेक संगणकांवर पडद्यावर उमटते ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ आणि त्याखाली ‘एलडी रिटर्न्ड १ एग्झिट स्टेटस’.

नवशिका लगेच हेडरवर संशय घेतो. पण हेडर निर्दोष असते. त्यात एवढेच नोंदवलेले असते की एसक्यूआरटी नावाचे फंक्शन आहे, ते एक दशांश संख्या घेते आणि एक परत देते. पंचांगात मुहूर्त सापडतो, लग्न लावायला भटजी वेगळा बोलवावा लागतो. वर्गमूळ प्रत्यक्ष काढणारे यंत्रसंकेत ‘लिबएम’ या वेगळ्या लायब्ररीत असतात. कंपायलर हेडरच्या शब्दावर विसंबून ऑब्जेक्ट फाइल तयार करतो आणि फंक्शनच्या पत्त्याची जागा कोरी सोडतो. ती भरण्याचे काम लिंकरचे, म्हणजे ‘एलडी’चे. त्याला पत्ता मिळाला नाही की तो ओरडतो. ‘एनएम’ या आदेशाने ती ऑब्जेक्ट फाइल उघडून पाहिली, तर एसक्यूआरटीच्या आधी ‘यू’ हे अक्षर दिसते. हे नाव वापरले आहे, पण इथे नाही, असा त्याचा अर्थ.

मग पहिला प्रोग्रॅम कसा चालला? दोन हा ठरलेला आकडा असल्याने कंपायलरने उत्तर आधीच काढून ठेवले आणि लिंकरसाठी काही उरलेच नाही. फळ्यावरचे उदाहरण चालते आणि विद्यार्थ्याचे अडते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. आपल्याकडच्या कॉलेजांत वर्षानुवर्षे वापरलेल्या टर्बो सीमध्ये गणिताची लायब्ररी आपोआप जोडली जाई, त्यामुळे लिंकर नावाचा कुणी आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. ती सोय विद्यार्थ्यांना महागातच पडली, असे माझे मत.

उपाय आदेशाच्या शेवटी ‘-एलएम’ लिहिण्याचा. त्यात ‘शेवटी’ला महत्त्व आहे. ‘.ए’ प्रकारच्या लायब्ररीतून लिंकर डावीकडून उजवीकडे जाताना त्या क्षणी अडलेली नावे पुरवणारे तुकडेच उचलतो. लायब्ररी आधी आली आणि मागणी नंतर, तर तो रिकाम्या हाताने पुढे गेलेला असतो. ‘.एसओ’ प्रकाराला, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीला, पूर्वी हा क्रम चालून जाई. उबुंटूने मात्र २०११ पासून, तोवर गरज न पडलेल्या लायब्ररी वगळण्याचा पर्याय मुळातच चालू ठेवला आणि कित्येक जुने आदेश एकाएकी अडू लागले.

जोडाजोडीचा हा उद्योग सीपेक्षा जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांची १९५२ च्या सुमाराची ‘ए-शून्य’ प्रणाली टेपवरचे तयार उपप्रोग्रॅम त्यांच्या क्रमांकावरून शोधून एकत्र गुंफत असे. तिला कंपायलर म्हणत. आजच्या नजरेने ती लिंकरच्या अधिक जवळची.

‘कॅनॉट फाइंड -एल’ आणि पुढे नाव, असा संदेश आला तर मुळात लायब्ररीची फाइलच हाती लागलेली नसते. डेबियन-उबुंटूवर बहुधा ‘-डेव्ह’ने, फेडोरावर ‘-डेव्हेल’ने संपणारे पॅकेज बसवायचे राहिलेले असते. फाइल भलत्या फोल्डरमध्ये असेल तर मोठ्या लिपीतल्या ‘-एल’ने तो मार्ग सांगावा.

खरी गंमत पुढे आहे. प्रोग्रॅम विनातक्रार बनतो आणि चालवताना म्हणतो, ‘.एसओ’ फाइल उघडता येत नाही. आता बोलणारा तिसराच, डायनॅमिक लोडर. तो ‘-एल’ने सांगितलेले मार्ग लक्षात ठेवत नाही, स्वतःच्या यादीत शोधतो. ‘एलडीडी’ आदेशाने कोणती फाइल ‘नॉट फाउंड’ आहे ते कळते. नवी लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये बसवली असेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘एलडीकॉन्फिग’ चालवल्यावर यादी ताजी होते. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे चल तात्पुरत्या चाचणीला ठीक. ते कायमचे ठेवले की भलत्याच प्रोग्रॅमला भलतीच लायब्ररी चिकटते.

वेगळ्या लायब्ररी जोडण्याचा हा व्याप एका बाबतीत कमी झाला आहे. लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या, म्हणजे ग्लिबसीच्या, २०२१ मधील २.३४ या आवृत्तीने थ्रेडची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन केली आणि ‘-एलपीथ्रेड’ लिहिलेले जुने आदेश अडू नयेत म्हणून त्या नावाची रिकामी फाइल तेवढी ठेवली. लिबएम मात्र तेव्हाही वेगळीच राहिली.