गाळा नाही, म्हणून काय अडलं?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट विचारून आलेला विद्यार्थी बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर ‘हे आपलं काम नाही’ म्हणून विषयच सोडतो, नाहीतर ‘गाळा कशाला, घरूनच करू, खर्चच नाही’ म्हणत त्याच रात्री इन्स्टाग्रामवर पान उघडून मोकळा होतो. पहिला उगाच घाबरलेला असतो आणि दुसरा उगाच निर्धास्त. नाशिकमध्ये दोन्ही प्रकारची मुलं मुबलक. केटीएचएम, एचपीटी, बीवायके, के. के. वाघ अशी कॉलेजं आणि त्यांच्यापायी निफाड, दिंडोरी, चांदवडहून येऊन खोली करून राहिलेली पोरं-पोरी. घरून येणारे पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपतात, तेव्हा धंद्याची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी खऱ्या नसतात.

‘आधी कंपनी, जीएसटी, शॉप अॅक्ट, मग धंदा’

एकट्यानं सुरू केलेला धंदा ही एकल मालकी. ती अस्तित्वात यायला कुठली कंपनी नोंदवावी लागत नाही, लेखापरीक्षक नेमावा लागत नाही. नाव ठेवा आणि काम सुरू करा, इतकं ते साधं आहे. शॉप अॅक्टची भीती जुन्या कायद्याच्या काळातली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांची नोंदणीतून सुटका केली. त्यांनी काम सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, एवढंच.

जीएसटीची मर्यादा आपल्या राज्यात मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. शिकता शिकता धंदा करणाऱ्याला ही रेषा दुर्बिणीतूनच दिसेल. पण इथे एक खाच आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. माल परराज्यात विकायचा असेल, तर एरवी उलाढाल कितीही छोटी असो, पहिल्याच विक्रीपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तेवढी सूट आहे. सेवेला हा नियम नाही. म्हणजे सिडकोतल्या खोलीत बसून बंगळुरूच्या गिऱ्हाइकाचा व्हिडिओ संपादित करून देणाऱ्याला २० लाखांपर्यंत चिंता नाही, पण त्याच्याच खोलीतला मित्र इंदूरला बेदाणा पाठवायला लागला तर त्याला जीएसटी क्रमांक घ्यावा लागेल. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकायला जीएसटी हवाच, हेही आता अर्धंच खरं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला नोंदणीऐवजी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन तिथे विकता येतं.

‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची नोंदणी मात्र जरूर करावी. १ जुलै २०२० पासूनची ही व्यवस्था आधार आणि पॅनवर चालते आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. ‘सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणत पैसे मागणारी, दिसायला सरकारी वाटणारी संकेतस्थळं शोधयंत्रात वरच सापडतात. तिथे पैसे भरणं म्हणजे फुकटच्या प्रसादाला तिकीट काढणं. धंद्याच्या नावानं चालू खातं उघडायला बँक साधारणपणे धंद्याचे दोन पुरावे मागते. उद्यमचं प्रमाणपत्र आणि शॉप अॅक्टच्या सूचनेची पावती यांची जोडी तिथे कामाला येते.

‘घरचंच तर आहे, त्याला कसलं लायसन्स?’

इथे चित्र उलटं होतं. कागदांना घाबरणारा हाच विद्यार्थी आईनं केलेला चिवडा, लोणचं, दिवाळीचा फराळ विकताना कागदाचं नावही काढत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे आणि तो घरचं-बाहेरचं असा भेद करत नाही. विकायचं म्हटलं की तो अन्नव्यवसाय. फेरीवाला, तात्पुरता स्टॉल लावणारा, स्वतः बनवून स्वतः विकणारा, या सगळ्यांना परवान्यातून सूट आहे, पण नोंदणी लागतेच. २०११ च्या नियमांनी छोट्या व्यावसायिकांची ही नोंदणी १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये महिन्याकाठी एकदा भेळेचं टेबल लावणाराही या व्याख्येतून सुटत नाही. शंभर रुपयांत जे सुटतं, ते न करता पुढे एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट बिघडल्यावर खुलासे देत बसण्यात शहाणपण नाही.

घरून केलेल्या मालाचा दाखला म्हणून लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांवर, इमारतीच्या गच्चीत पापड लाटायला सुरुवात केली. गोष्ट खरी आहे. फक्त सांगताना दोन गोष्टी गळतात. ते ८० रुपये उसने होते, भेट नव्हे. आणि पुढे काम हजारो घरांत पसरलं तरी पीठ घरोघरी मळलं गेलं नाही. ते केंद्रावर एका मापानं मळून बहिणींना दिलं जातं, लाटलेला पापड परत येतो तेव्हा तो तपासून, मोजून घेतला जातो. लाटणं घरी, पण दर्जा एका ठिकाणी. ‘आमच्या आईच्या हातची चव’ ही जाहिरात म्हणून छान आहे, पण चौथ्या खेपेला मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक आईचं कौतुक ऐकत थांबत नाही.

घरून काम म्हटलं की निघणारा सोसायटीचा मुद्दा थोडक्यात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रहिवासी भागात घरच्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता करायच्या शिवण, भरतकाम यांसारख्या घरगुती उद्योगांना जागा आहे. तेव्हा घरी शिलाई मशीन चालवणं बेकायदा नाही. मात्र जिन्यात माल रचणं, रात्री अकराला पार्सलवाल्यांची रीघ लावणं याला शेजारी हरकत घेणारच, आणि भाड्याच्या खोलीत राहत असाल तर घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

‘जागा नाही म्हणजे खर्च नाही’

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. गाळ्याचं भाडं वाचतं, पण ते पेट्रोल, उधारी आणि शिल्लक माल अशी वेगवेगळी नावं घेऊन परत येतं. नाशिकचं सोपं उदाहरण घेऊ.

समजा निफाड तालुक्यातून २० किलो बेदाणा आणला, ३०० रुपये किलोनं. भांडवल ६,००० रुपये. पाव किलोची ८० पाकिटं केली, ११० रुपयांना एक. विक्री ८,८०० रुपये. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर नफा दिसतो २,८०० रुपये आणि इथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो.

आता पाकीट आणि लेबल मिळून सहा रुपये धरले तर ४८० गेले. माल आणायची खेप २५०. ऑर्डर नाशिक रोडला एक, इंदिरानगरला दोन, पाथर्डी फाट्याला एक, म्हसरूळला एक अशा पसरलेल्या, म्हणून पोचवण्याचं पेट्रोल ७००. ‘चव बघायला’ दिलेली आणि कोपऱ्यात पडून राहिलेली आठ पाकिटं, म्हणजे ८८०. आणि ‘पुढच्या आठवड्यात देते हं’ म्हणणाऱ्या पाच ओळखीच्या घरांचे ५५०. बेरीज २,८६०. दोन आठवडे पळापळ करून हातात उणे साठ रुपये, आणि आत्याच्या नणंदेशी पैशांवरून अवघडलेपण ते वेगळंच.

बेदाण्यात खोट नाही, खोट आहे विक्रीच्या पद्धतीत. तीच ८० पाकिटं आधी ऑर्डर घेऊन, यूपीआयवर पैसे जमा झाल्यावरच भरली आणि शनिवारी संध्याकाळी ठरलेल्या एका जागी दिली, तर शिल्लक नाही, उधारी नाही, पोचवण्याचं पेट्रोल दीडशेत भागतं. हातात १,९२० रुपये राहतात. गाळा असता तर गिऱ्हाईक तुमच्याकडे आलं असतं. गाळा नसताना तुम्ही दारोदार जायचं की गिऱ्हाइकांना एका वेळी एका जागी गोळा करायचं, हा निर्णय धंद्याचं गणित ठरवतो. ओळखीच्यांना उधार नाकारण्याचा संकोच मराठी घरांत फार असतो. पहिल्याच दिवशी ‘पैसे आगाऊ’ असा नियम सगळ्यांना सारखा लावला की तो संकोच कमी होतो, कारण मग नकार माणसाला नसतो.

जाता जाता, पाकीटबंद माल म्हटला की वैधमापनाचे २०११ चे नियम आले. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, आणि पाकीटबंद करणाऱ्यानं आपलं नाव नोंदवावं लागतं. नुसतं सुंदर स्टिकर पुरत नाही.

‘विकायला वस्तूच हवी’

माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं वस्तूआधी सेवा विकावी. शिल्लक राहत नाही, नासत नाही. दहावीच्या मुलांची शिकवणी, मराठी टंकलेखन, कार्यक्रमाचे छोटे व्हिडिओ हे जुने मार्ग आहेतच. रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकालीतल्या कितीतरी दुकानांची गुगलवर धड नोंद नाही. वेळा चुकीच्या, फोटो दुसऱ्याच दुकानाचा. ते नीट करून देणं आणि दर महिन्याला सांभाळणं हे पगारासारखं काम आहे. आणि जागा नाही म्हणून आपण स्वतः गुगलवर दिसणार नाही, हाही गैरसमज. घरचा पत्ता लपवून फक्त ‘या भागात सेवा देतो’ असं दाखवणारी नोंद तिथे फुकट करता येते.

अलीकडे लग्नसराईत चालणारं एक काम म्हणजे साडी प्री-प्लीटिंग. पदराच्या आणि समोरच्या निऱ्या मापावर बसवायच्या, इस्त्री फिरवायची, पिना-चिमटे लावून साडी पेटीत घडी करून द्यायची. नवरीकडच्या बायका पाच मिनिटांत तयार. भांडवल म्हणजे इस्त्री, टेबल आणि चिमटे. पण धोका भांडवलात नाही, तो समोरच्या साडीत आहे. येवल्याची खरी पैठणी हातात आली आणि इस्त्री एक क्षण जास्त टेकली, तर वर्षाची कमाई भरपाईत जाते. म्हणून साडी घेताना गिऱ्हाइकासमोर फोटो काढायचा, आधीचे डाग दाखवायचे आणि रेशमावर सुती कापड ठेवल्याशिवाय इस्त्री टेकवायची नाही.

‘मुद्रा घेतलं की सरकार पैसे देतं’

८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्याला तारण लागत नाही, इथपर्यंत खरं. पण पैसे बँक देते, व्याजानं देते आणि परत घेते. अनुदान हवं असेल तर ती मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारखी वेगळी योजना. त्यासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. शिवाय १८ वर्षं पूर्ण नसतील तर करार कायद्यानं तुम्ही करारच करू शकत नाही. अकरावी-बारावीतल्या मुलानं सगळं आईच्या नावानं ठेवावं, ते अधिक सोपं.

‘सिंहस्थात टेबल टाकलं तरी कमाई’

हा समज खास नाशिकचा. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ चं पहिलं अमृतस्नान, या तारखा जाहीर झाल्यापासून कॉलेजच्या कट्ट्यांवर बाटलीबंद पाण्यापासून रुद्राक्षापर्यंत सगळं विकून झालं आहे. रस्त्यावर विकण्यासाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र लागतं, आणि कुंभमेळ्याच्या काळात जागा तर प्रशासनच ठरवतं. त्यातही पर्वणीचा, म्हणजे मुख्य स्नानाचा, दिवस कमाईचा असेलच असं नाही. २०१५ ला २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त आणि अडथळे इतके कडक होते की भाविक शहरात पोचायलाच अडखळले, व्यापाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला पोलिसांना ते शिथिल करावे लागले. माल भरून बसलेल्यांना त्या पंधरवड्यात वाट पाहण्यापलीकडे काही करता आलं नाही.

विद्यार्थ्याला खरं काम पर्वणीच्या बाहेरच्या महिन्यांत आहे. पंचवटीत खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरांचे फोटो आणि ऑनलाइन नोंदी, दुकानांच्या हिंदी पाट्या, तपोवनात आधीपासून मुक्कामाला येणाऱ्या मंडळींची छपाई आणि कपडे धुण्याची सोय, परप्रांतीय यात्रेकरूंना त्र्यंबकेश्वरच्या बसपासून दवाखान्यापर्यंत फोनवर मदत. यातल्या कशालाही टेबल लागत नाही, आणि यातली बरीच गिऱ्हाइकं आजही पंचवटीतच राहतात.