रस्ते दोन, घाट एक

अमेरिकेत आपला मुलगा आयटीत नेमकं काय करतो, हे घरच्यांना सांगणं अवघडच. माझं काम स्टोरेजचं. बँका, हॉस्पिटलं यांची माहिती ज्या डिस्कवर असते, तिथपर्यंत सर्व्हरला एकच केबल असेल आणि ती निकामी झाली, तर सगळंच ठप्प. म्हणून रस्ते अनेक ठेवतात. हेच मल्टिपाथ.

आपलं मुंबई-पुणे घ्या. एक्सप्रेसवेला प्रायमरी ठरवलं, तर एरवी सगळी वाहतूक तिथूनच. तो बंद पडला तरच जुना हायवे. दुसरी पद्धत राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने दोन्ही. व्हीएमवेअरमध्ये सहसा १००० कामं एका रस्त्याने गेली की पुढची दुसऱ्याने.

फसगत इथेच होते. दोन्ही रस्ते ७० टक्के भरलेत आणि एक बंद पडला, तर उरलेल्यावर १४० टक्के भार! नुसता भार वाटून भागत नाही. वेळ आली तर एकट्या रस्त्याला सगळं पेलायला हवं.

शिवाय खंडाळ्याच्या घाटात हे दोन्ही रस्ते काही अंतर एक होतात. तिथे अडकलं की दोन्हीकडे रांगा. ‘मिसिंग लिंक’ आखली ती त्याचसाठी. दोन केबल एकाच स्विचमध्ये खोचल्या तर आमचंही तेच होतं. म्हणून कार्डं दोन, स्विच दोन, स्टोरेजचे कंट्रोलरही दोन.

आणि हो, मध्यरात्री ठरवून एक केबल काढून बघायचीच. बँकेत कुणाला पत्ताही लागला नाही, तर काम चोख!