झोळीवाला बुवा आणि नवा शेजारी

गल्लीतले रिकामे घर भाड्याने गेले, की ती बातमी सर्वांत आधी मुलांना लागते. मोठी माणसे दुकानात असतात, पेढीवर असतात. टेम्पोतून काय काय उतरले याची मोजदाद मुलेच ठेवतात. माणूस एकटाच आहे, दिवसा खिडक्या लावून घेतो, रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा जळतो, कोणाशी बोलत नाही. चार दिवसांत मुलांच्या चौकशी समितीचा निर्णय होतो : हा माणूस मुले पळवणारा असला पाहिजे. प्रत्यक्षात तो बहुधा रात्रपाळीचा कामगार असतो किंवा औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी. आपण हसतो आणि विसरतो. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहेही. परंतु संशय घ्यावयास मुलांना शिकविले कोणी, असा प्रश्न स्वतःला केला, की ते हसू ओसरते.

या प्रश्नाचा बारकाईने शोध घेतला गेला, अशी एक घटना स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात घडलेली आहे. गॉर्बल्स ही तेथील कामगारांची दाट, गरीब वस्ती. वस्तीला लागून एक विस्तीर्ण जुने कबरस्तान आणि त्यामागे लोखंडाचा कारखाना. रात्री भट्ट्या धगधगू लागल्या, की आकाश तांबडे होई आणि धुराचे लोट थडग्यांवरून वाहत. २३ सप्टेंबर १९५४ च्या संध्याकाळी या कबरस्तानात शेकडो मुले जमली. कोणी जेमतेम चार वर्षांचे, कोणी चौदाचे. काहींच्या हातात सुऱ्या, काहींच्या हातात टोक काढलेल्या काठ्या. सात फूट उंचीचे, लोखंडी दातांचे एक पिशाच्च तेथे राहावयास आले असून त्याने दोन मुलगे खाल्ले, अशी वार्ता शाळांच्या मैदानांतून पसरली होती. पोलीस आले, त्यांनी पाहिले तर एकही मूल हरवलेले नव्हते. एका मुख्याध्यापकांनी दटावले, पाऊस आला, तेव्हा मुले घरी गेली. पुढील दोन रात्री ती पुन्हा आली आणि मग तो प्रकार आपोआप विरला.

मुले विसरली, मोठी माणसे मात्र विसरली नाहीत. हा सारा अमेरिकेतून येणाऱ्या भीतिदायक चित्रकथांचा परिणाम, असे शिक्षकांनी, धर्मगुरूंनी आणि पुढाऱ्यांनी ठरविले. अशा चित्रकथांविरुद्ध देशभर ओरड चाललीच होती. तिला हे उदाहरण आयतेच मिळाले आणि १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. पुढे लोककथांच्या अभ्यासकांनी त्या चित्रकथा धुंडाळल्या. लोखंडी दातांचे पिशाच्च त्यांत कोठेच आढळले नाही. लोखंडी दातांचा प्राणी आढळला तो बायबलमध्ये, आणि लोखंडी दातांची एक बाई आढळली ती शाळेत शिकविल्या जाणाऱ्या जुन्या स्कॉटिश कवितेत. त्या कवितेतील आई न झोपणाऱ्या मुलाला त्याच बाईची भीती घालते!

आपल्याला यात परके वाटावे असे काय आहे? ‘ताटातले संपव, नाहीतर झोळीवाला बुवा घेऊन जाईल,’ हे वाक्य कोणत्या मराठी घरात उच्चारले गेले नाही? बागुलबुवाला निदान चेहरा नाही. झोळीवाल्याला मात्र आहे. तो खरोखर दारावर येतो, आजी त्याला पसाभर धान्य घालते, आणि तीच आजी तो वळल्यावर नातवाला त्याच्या नावाने घाबरविते. नातू यातून जे शिकतो ते आपण शिकविले असे आपल्याला वाटतही नाही. अनोळखी चेहरा, मळके कपडे, खांद्याची झोळी, वेगळी बोली : धोका असा दिसतो, अशी खूणगाठ त्याच्या मनात बसते. पुढे तो मोठा होतो, कर्ता होतो, खिशात मोबाइल येतो. खूणगाठ मात्र तीच राहते.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. या समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागत आले आहेत. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर सर्वत्र फिरत होते. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त झाले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून मारून पाचांचेही प्राण घेतले. ते मुले पळविणारे नव्हते.

त्या काळी देशभर जी चित्रफीत मुले पळविण्याचा पुरावा म्हणून दाखविली जात होती, ती वस्तुतः कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी तयार केलेली जाहिरात होती. शेवटी मूल परत आणून सोडले जाते व पालकांना सावधगिरीचा संदेश दिला जातो. तेवढाच भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे बंधन घातले. आपल्या कुटुंबांच्या आणि व्यापारी मंडळांच्या गटांतही तसले संदेश ‘खबरदारी म्हणून’ फिरत होतेच.

राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावातही लहान मूल बरोबर असलेल्या पाच जणांच्या एका कुटुंबाला याच संशयावरून जमावाने घेरले. तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले. जमाव बाहेर ओरडत होता. अखेर पोलिसांनी त्या पाचांना सुखरूप बाहेर काढले.

येथे कोणी म्हणेल, मग मुलांना सावध करावयाचेच नाही काय? अवश्य करावयाचे. परंतु कशापासून, हे आधी नीट पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिक छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासाच्या नात्यातले होते, असे त्यात आढळले. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांच्या वरच राहिले आहे. म्हणजे मूल समोरच्या नव्या भाडेकरूवर पाळत ठेवून आहे आणि धोका कदाचित शिकवणीच्या खोलीत, दुकानाच्या गोदामात किंवा लग्नघरी जमलेल्या आप्तांत बसला आहे. हे लिहिणे सुखाचे नाही.

व्यापाऱ्याच्या घरात ही गोष्ट समजावणे तसे सोपे असावे. नव्या गिऱ्हाइकाची पत आपण त्याच्या सदऱ्यावरून ठरवीत नाही; पहिला वायदा त्याने पाळला का, हे पाहतो. जुना, गोडबोल्या गिऱ्हाईक तीन वायदे चुकला तर त्याचीही उधारी थांबवितो. मुलालाही माणूस असाच वागणुकीवरून पाहावयास शिकवावे. आईबाबांना सांगू नकोस, असे कोणी सांगते का? गुपचूप खाऊ किंवा पैसे देते का? एकटे बोलावते का? नकोसा स्पर्श करते का, मोबाइलवर फोटो मागते का? असे कोणीही केले, मग तो कालचा भाडेकरू असो की सख्खा काका, तरी त्याच दिवशी घरी सांगावयाचे. आणि मुलाने सांगितले तर ‘असे बोलू नये, ते मोठे आहेत’ हे वाक्य आपण गिळावयाचे.

खरी अडचण येथेच येते. मुलगी सांगते, आई ऐकते, आणि रात्री घरात ठरते की बोभाटा नको. नाते आहे, भागीदारी आहे, उद्या सोयरिकी जुळवावयाच्या आहेत. २०१२ चा पॉक्सो कायदा यासंबंधी स्पष्ट आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, न कळविणे हाच शिक्षापात्र गुन्हा आहे. मुलाचे नाव व ओळख प्रसिद्ध करण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे, तेव्हा अब्रूच्या भीतीने गप्प बसणाऱ्याने एवढे तरी जाणून असावे.

आता राहिला समोरच्या घरातला तो एकटा माणूस. मुलाला बरोबर घेऊन एकदा त्याच्या दारी जावे, नाव, गाव, कामधंदा विचारावा, आपलाही सांगावा. घरमालकाने भाडेकरूची पोलिसांकडे नोंद केली आहे का, हेही पाहावे. त्यात अपमान कोणाचाच नाही. आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक, जो दिवसरात्र निःशुल्क चालतो, तो मुलाकडून पाठ करून घ्यावा.