रिंगमधले वाद – भाग ७ : डेम्प्सीने हॅरी विल्सला टाळलं का?

जॅक जॉन्सन १९०८ साली सिडनीत पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, हे आपण मागच्या भागात पाहिलं. १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डने त्याला हरवलं आणि त्यानंतर थेट १९३७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला त्या पदासाठी लढूच दिलं गेलं नाही. या बावीस वर्षांतली सात वर्षं पद जॅक डेम्प्सीकडे होतं. त्याने कृष्णवर्णीय आव्हानवीर हॅरी विल्सला टाळलं का, यावरून बॉक्सिंगचे जाणकार अजूनही हमरीतुमरीवर येतात.

त्या काळी कुणाची जोड कुणाशी लागणार हे कुठलंच वेळापत्रक ठरवत नसे. पद ज्याच्याकडे तो, त्याचा मॅनेजर आणि पैसा लावणारा प्रमोटर, या तिघांनी मान डोलावली तरच आव्हानवीराला रिंग दिसायची. एखाद्याला टाळायचं तर नकार देण्याचीही गरज नव्हती. करार लांबवत राहिलं की काम भागायचं.

विल्स मूळचा न्यू ऑर्लिन्सचा, गोदीत हमाली करून अंग कमावलेला. दोनशे पौंडांहून अधिक वजन, आणि समोरच्याला एका हाताने धरून दुसऱ्याने ठोसे हाणण्यात वाकबगार. सॅम लँगफर्डशी तो पंधराहून अधिक वेळा लढला. जो जेनेट आणि सॅम मॅकव्हे यांच्याशीही पुन्हा पुन्हा लढला. एवढ्या वेळा तीच तोंडं का? कारण गोऱ्या पहिलवानांची दारं बंद असल्याने हे चौघे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे एकमेकांशी लढूनच पोट भरत होते. स्वतः जॉन्सननेही पद मिळाल्यावर लँगफर्डला संधी दिली नाही, हे इथे विसरून चालणार नाही.

४ जुलै १९१९ ला टोलेडोत डेम्प्सीने विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा आडवं केलं. लगेच त्याने जाहीर केलं की कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी आपण लढणार नाही. पुढच्या सगळ्या चर्चेत मला हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तेव्हा कुणी प्रमोटर आडवा आलेला नव्हता, कुठला करारही फिसकटलेला नव्हता. पद हातात आल्या आल्या त्याने स्वतःहून दार लावून घेतलं.

डेम्प्सीच्या बाजूचे लोक प्रमोटर टेक्स रिकार्डकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य आहे. १९१० मध्ये रीनोला जॉन्सन आणि गोरा माजी जगज्जेता जेफ्रीज यांची लढत भरवली ती रिकार्डनेच. पंचही तोच होता. जॉन्सन जिंकला आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली पेटल्या, माणसं मेली. त्यानंतर तशी लढत भरवायला रिकार्ड धजत नव्हता. शिवाय गरजही नव्हती. १९२१ मध्ये डेम्प्सीपुढे उभा केलेला फ्रेंच जॉर्ज कार्पेंतिए वजनाने कितीतरी हलका होता, तरी त्या लढतीच्या तिकिटांनी बॉक्सिंगच्या इतिहासात पहिल्यांदा दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला.

१९२२ मध्ये विल्सच्या बाजूने अनामत रक्कम भरून रीतसर आव्हान दिलं गेलं, तेव्हा डेम्प्सीला सही करावी लागली. लढत मात्र झाली नाही. १९२५ मध्ये मिशिगनमधल्या नाइल्स इथे दुसरा करार झाला. विल्सला पन्नास हजार डॉलर आगाऊ मिळाले. डेम्प्सीला मिळायची ती मोठी आगाऊ रक्कम आलीच नाही, कारण प्रमोटरच्या खात्यात तेवढा पैसा नव्हता. लढत बारगळली. या एका प्रसंगापुरता डेम्प्सीला दोष देता येत नाही. पैसे न मिळता कुणीही रिंगमध्ये उतरला नसता.

पण बाकीच्या वर्षांचं काय? १९२३ च्या सप्टेंबरमध्ये आव्हानवीर फिर्पोला हरवल्यावर त्याने तीन वर्षं पद पणाला लावलंच नाही, आणि त्या काळात विल्सला चाळिशी दिसू लागली. डेम्प्सी भित्रा होता असं मी म्हणणार नाही. बिल टेटसारख्या धिप्पाड कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याबरोबर तो सराव करायचा, आणि १९१६ मध्ये, उमेदवारीच्या दिवसांत, लँगफर्डशी लढायची आपल्याला भीती वाटली हे त्याने आत्मचरित्रात सरळ कबूल केलंय. ज्याला घाबरलो त्याचं नाव हा माणूस लपवत नाही. विल्सला त्याने भीतीपोटी टाळलं नसावं, पण टाळलं हे नक्की. एवढ्या लोकप्रिय जगज्जेत्याने हट्ट धरला असता तर रिकार्डला वाकावं लागलं असतं, असं माझं ठाम मत आहे. हट्ट कधी धरलाच गेला नाही.

न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगातले जेम्स फार्ली मात्र आधी विल्स, मग बाकीचे, यावर अडून बसले. म्हणून नवा आव्हानवीर टनी याच्याशी ठरलेली डेम्प्सीची १९२६ ची लढत फिलाडेल्फियाला हलवावी लागली. एक लाख वीस हजारांवर प्रेक्षकांसमोर, पावसात, दहा फेऱ्यांनंतर डेम्प्सीचं पद गेलं.

पुढच्या तीन आठवड्यांच्या आत ब्रुकलिनमध्ये जॅक शार्कीने विल्सला चांगलाच बदडला. तेराव्या फेरीत विल्स नियमभंगामुळे बादच झाला. ‘बघा, तो काय डेम्प्सीपुढे टिकणार होता!’ असं म्हणणारे तेव्हापासून हीच लढत पुढे करतात. हा पुरावा मला मुळीच मान्य नाही. शार्कीपुढे उभा होता तो सदतिशीच्या आसपासचा, हालचाली मंदावलेला माणूस. डेम्प्सीने सही केली होती ती १९२२ मध्ये, विल्स भरात असताना. त्या विल्सपुढे काय झालं असतं हे ठरवायला आपल्याकडे एकही फेरी नाही, आणि ती नसण्यात डेम्प्सीचा वाटा मोठा आहे.

विल्सने पुढे हार्लेममध्ये घरं आणि जमिनींच्या व्यवहारात चांगला जम बसवला. १९५८ मध्ये तो गेला.

पुढच्या आठवड्यात : १९३७ मध्ये शिकागोत जो लुईसला ती संधी मिळाली, तेव्हा जगज्जेत्या ब्रॅडॉकने त्यासाठी काय किंमत मागून घेतली?