विश्लेषण : दोन जनुकांचे तुकडे जुळून रक्ताचा कर्करोग कसा होतो? औषधे त्यावर नेमका कुठे घाव घालतात?

रक्ताचा कर्करोग म्हटले की केमोथेरपी, गळालेले केस आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण एवढेच डोळ्यांसमोर येते. मात्र क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात ‘सीएमएल’चे हजारो रुग्ण रोज गोळी घेऊन नोकरी आणि संसार करत आहेत. हे शक्य झाले ते एका विचित्र प्रथिनाचा शोध लागल्यामुळे. हे प्रथिन निरोगी शरीरातील कोणत्याही जनुकात लिहिलेले नसते.

फ्युजन प्रथिन म्हणजे काय?

पेशीतील दोन गुणसूत्रे तुटली आणि दुरुस्तीच्या वेळी त्यांचे तुकडे एकमेकांना चुकीचे जोडले गेले, तर दोन वेगवेगळ्या जनुकांचे अर्धे-अर्धे भाग सलग येतात. पेशी हा मजकूर एकच जनुक समजून वाचते आणि त्यातून जोडप्रथिन तयार होते. हा दोष जन्मजात नसतो आणि सहसा आईवडिलांकडूनही येत नाही. अस्थिमज्जेतील एखाद्याच पेशीत तो घडतो. त्यामुळे ‘घरात कुणाला नव्हता, मग याला कसा झाला’ हा नातेवाईकांचा नेहमीचा प्रश्न येथे गैरलागू ठरतो.

पहिला धागा कधी सापडला?

१९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडले. तुकडा कुठे गेला, हे कळायला १९७३ साल उजाडले. शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी दाखवून दिले की तो हरवलेला नाही. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केले आहेत. या अदलाबदलीत ‘बीसीआर’ आणि ‘एबीएल’ ही जनुके एकमेकांना चिकटतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले.

‘बीसीआर-एबीएल’ बिघडवते काय?

एबीएल हे प्रथिन मुळात टायरोसिन कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेटचा कण जोडून ‘कामाला लागा’ असा निरोप देणारे. गरज संपली की ते बंद होते, कारण त्याच्या टोकाला एक आवर घालणारा भाग असतो. जोडणीत नेमका तोच भाग गळतो आणि त्या जागी बीसीआर येते. बीसीआरमुळे ही प्रथिने एकत्र येऊन एकमेकांना चेतवत राहतात. खटका ‘चालू’वर अडकावा तसे होते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

गोळीने हे थांबते कसे?

फॉस्फेट मिळवण्यासाठी या कायनेजमध्ये एटीपी रेणू बसण्याची एक खाच असते. इमॅटिनिब त्या खाचेत जाऊन बसते. निकोलस लायडन व सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील औषध कंपनीत विकसित केलेल्या या रेणूची रुग्णांवरील चाचणी ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये सुरू केली. ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळालेल्या क्रॉनिक टप्प्यातील ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

भारतात यावरून वाद का झाला?

त्या वेळी ‘ग्लिव्हेक’चा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांचा आठ-दहा हजारांच्या घरात होता. रेणूच्या एका स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने मागितलेल्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे कंपनीचा दावा फेटाळला. भारतात सीएमएलचे रुग्ण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तरुण असतात, अनेकदा ऐन कमावत्या वयातले. औषध वर्षानुवर्षे घ्यायचे असल्याने या निकालाचे मोल त्यांच्यासाठी अधिक.

सोमलासारखे विष औषध कसे ठरले?

ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांतून ‘पीएमएल-आरएआरए’ हे जोडप्रथिन तयार होते. येथे पेशी अर्धवट अवस्थेतच अडकतात. शांघायचे डॉ. वांग झेन्यी यांनी १९८० च्या दशकात ‘एट्रा’ हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध वापरले, तेव्हा या पेशी मरण्याऐवजी मोठ्या होऊन नीट वागू लागल्या. चीनमधीलच हार्बिनच्या डॉक्टरांनी आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, वापरात आणला. एट्रा प्रथिनाच्या आरएआरए भागाला धरते, आर्सेनिक पीएमएल भागाला; आणि पेशी स्वतःच त्या प्रथिनाची विल्हेवाट लावते. कमी जोखमीचे बहुतांश रुग्ण आज नेहमीच्या केमोथेरपीविना बरे होतात. धोका असतो तो पहिल्या काही दिवसांतील रक्तस्रावाचा. म्हणून जनुकीय अहवालाची वाट न पाहता, नुसत्या संशयावरून एट्रा सुरू केले जाते.

मग प्रश्न सुटला का?

नाही. सर्वच जोडप्रथिने इतकी सरळ नाहीत. तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात बहुधा आढळणारा ‘केएमटीटूए’ जनुकाचा बिघाड दीर्घकाळ औषधांना दाद देत नव्हता. त्या प्रथिनाला आधार देणाऱ्या ‘मेनिन’ची साथ तोडणारे रेव्हुमेनिब २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

सीएमएलमध्येही प्रथिनाच्या ३१५ व्या स्थानी एकच अमिनो आम्ल बदलले तरी इमॅटिनिब खाचेत बसत नाही. डॅसाटिनिब आणि निलोटिनिबही तेथे हरतात. पोनाटिनिब चालते, पण हृदय व रक्तवाहिन्यांना त्याचा धोका आहे. २०२१ मध्ये आलेले ॲसिमिनिब खाचेच्या वाटेला जातच नाही. एबीएलच्या गमावलेल्या आवराची जागा घेऊन ते खटका पुन्हा बंद करते.

बरे वाटू लागले की गोळ्या चुकवण्याचे प्रमाणही कमी नाही. गोळी थांबवता येते. पण पीसीआर चाचणीत बीसीआर-एबीएल काही वर्षे जवळपास शून्यावर राहिले असेल तरच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अशा रुग्णांपैकीही साधारण निम्म्यांत ते पुन्हा डोके वर काढते, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. त्यामुळे थांबवल्यानंतर सुरुवातीला दर महिन्याला चाचणी करावी लागते; प्रथिन परतलेच तर गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांत ते आटोक्यात येते.